हातानाकाबाईची नववी कुस्ती

गिरणीचा भोंगा बारा-दहाला व्हायचा आणि बारा-पंधराला हातानाका मिनेको मारुफुकुच्या कोपऱ्यातल्या पेटीसमोर बसलेली असायची. मधल्या पाच मिनिटांत ती रेल्वेचं फाटक ओलांडायची, भाताचा एक गोळा चालता चालता संपवायची आणि दुसरा बटणांच्या शेजारी ठेवायची. वय चौपन्न. काम टॉवेल तपासायचं. हजार टॉवेलांत एक धागा निसटलेला असला तरी तिच्या बोटाला लागायचा. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळं कान मात्र अर्धे गेलेले. ओसाकाजवळच्या इझुमिसानोत गिरणीवाल्यांचे कान असेच. अर्धा गाव ओरडून बोलतो आणि उरलेला अर्धा त्याला भांडण समजतो.

मारुफुकु म्हणजे बाजारपेठेतलं, नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ खेळांच्या पेट्यांचं दुकान. मिनेकोबाई ज्या पेटीवर बसायची तिच्यातल्या खेळाचं नाव रियोयू. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन कंपन्या कशा कोण जाणे एकत्र आल्या आणि आपापल्या खेळांतले गडी त्यांनी एकाच हौद्यात उतरवले. एका घरचा एक, दुसऱ्या घरचा एक, अशी जोडी आपण निवडायची. मग पेटी आपल्यापुढं एकामागून एक आठ जोड्या सोडते. तीनांतल्या दोन फेऱ्या मारल्या की पुढची जोडी. पहिल्या दोन-तीन गरीब गाईसारख्या. बुक्की मारली तरी नुसत्या बघतात. पण पेटी मनात धरणारी. तुम्ही झटपट जिंकत चाललात की पाचवीपासून ती सगळं उट्टं काढते. आठवा राजा. तो पडला की नावांची यादी वर सरकत जाते आणि खेळ संपतो.

हा झाला एकट्याचा खेळ. पण त्याला एक खोट होती. पेटीच्या पाठीला पाठ लावून दुसरी पेटी उभी. पलीकडं कुणीही येऊन शंभर येनचं नाणं टाकलं की तुमची कुस्ती जागच्या जागी थांबते, पडद्यावर ‘आव्हान आलं’ अशी अक्षरं चमकतात आणि यंत्राऐवजी त्या माणसाशी लढावं लागतं. जिंकलात तर तुमचा खेळ होता तिथून पुढं. हरलात तर उठा. पलीकडचं तोंड दिसत नाही. वाकलं तर फार तर जोडे दिसतात.

मिनेकोबाईची जोडी ठरलेली. एका घरची ओतात्सु, खांद्यावरच्या कावडीच्या काठीनं मारणारी कोळीण, आणि दुसऱ्या घरचा राइमेई नावाचा जाडा भिक्षू. गेल्या वर्षी ऑक्टोबरात, ती नवी नवी खेळायला लागली तेव्हा, एके दुपारी आठवा राजा पडला आणि नावांची यादी आलीच नाही. पडदा पांढरा झाला. एक म्हातारी अंगण झाडत आली आणि झाडू उलटा धरून अंगावर धावली. नववी कुस्ती. बाईनं तिलाही पाडली. तर दोघं पैलवान म्हातारीच्या ओसरीवर बसले आणि म्हातारीनं कमरेवर हात ठेवून त्यांना भातावर चहा ओतून वाढला. मग अंधार.

दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक वही असायची. कुणी डाव लिहायचं, कुणी शिव्या, कुणी नुसतीच चित्रं काढायचं. मिनेकोबाईनं त्याच दुपारी वहीत लिहिलं: ‘आठानंतर झाडूवाली म्हातारी येते. मी पाहिली. हातानाका.’ दुसऱ्या दिवशी खाली चार वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं होतं. ‘थाप.’ ‘मासिकात असलं काही छापून आलेलं नाही.’ ‘आरशात बघितली असेल.’ चौथ्यानं नुसता झाडू काढला होता.

तीस वर्षांत तिनं चांगला म्हणून पुढं ढकललेला टॉवेल एकदाही परत आला नव्हता. तिच्या शब्दावर गिरणी गाठोडी बांधायची. आणि इथं काल मिसरूड फुटलेली पोरं तिला थापाडी म्हणत होती. तिनं ठरवलं, ह्यांच्या डोळ्यांदेखत म्हातारी आणायची.

पण म्हातारी येईना. बाईनं विचार केला आणि एक नियम काढला: मधे कुणी माणूस न घुसता एकट्यानं आठही पाडले की ती येत असणार. नियम वहीत लिहिलासुद्धा. आता अडचण अशी की दुपारी पलीकडं कुणीतरी बसायचंच आणि तिला पाडायचंच. त्यातला मोठा उपद्रव दोबाशी. फरशा बसवणारा गडी, तिशीचा, जोड्यांना कायम सिमेंट. सहाव्या-सातव्या जोडीला ‘आव्हान आलं’ चमकलं की बाई वाकून बघायची. खाली सिमेंटचे जोडे.

“आरं, तुला दुसरी पेटी न्हाई व्हय?”

“पेट्या हायत की. मान्सं न्हाईत,” पलीकडून दोबाशी म्हणायचा. “यंत्राला मारून काय मिळतंय, मावशी? त्येला लागत बी न्हाई.”

शेवटी तिनं दुकानाचा मालक कानेशिगे याच्या मागं लकडा लावला. कानेशिगे भांडणाला भिणारा माणूस. त्यानं पुठ्ठ्यावर लिहून पलीकडच्या पेटीच्या पडद्यावर टांगलं: ‘बारा-दहा ते बारा-पन्नास इथं बसू नये. हातानाकाबाईंचा एकट्याचा खेळ चालू आहे.’

ह्या पुठ्ठ्यानं बाईची होती ती अब्रूही गेली. पोरं येता-जाता पुठ्ठ्याला नमस्कार करायची. तिनं मनावर घेतलं नाही. चार महिन्यांत चार वेळा एका नाण्यात, मधे कुत्रंसुद्धा न येता, तिनं आठही जोड्या लोळवल्या. चारही वेळा राजा पडला आणि नावांची यादी वर सरकत गेली. चौथ्या वेळी तिनं बटणांवर पालथा हात मारला. भाताचा गोळा खाली पडला.

सप्टेंबरात कानेशिगे म्हणाला, “हातानाकाबाई, शनवारी ही पेटी जाणार. बाहुल्या उचलायचं यंत्र येतंय.”

“कुठं जाणार?”

“मोडीत.”

“दुसरीकडं कुठं हाय का ह्यो खेळ?”

“ओसाकात असंल नसंल. मला काय म्हाईत.”

ओसाका गाडीनं पाऊण तासावर. पण वहीत लिहिणारी माणसं काही ओसाकात नव्हती.

शुक्रवारी ती आली तेव्हा कानेशिगे आवराआवर करत होता आणि जुन्या वह्यांची चळत काउंटरवर काढून ठेवली होती. बाईनं ऑक्टोबरची वही ओढली आणि आपलं पान काढलं. वर्षभरात तिनं खालच्या शिव्या पुष्कळदा वाचल्या होत्या. आपल्या ओळीच्या वर काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. वर त्याच तारखेला, तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘दुपारी पलीकडं कोण होतं? कोळीण आणि भिक्षू घेऊन मला उताणा पाडला. माझा सिमेंटचा हात धुवायचा राहिला होता, नाहीतर दाखवलं असतं. परत भेट. दोबाशी.’

तिनं ते दोनदा वाचलं. त्या दिवसांत तिला पलीकडच्या पेटीची भानगडच ठाऊक नव्हती. अक्षरं चमकली असतील तर तिला वाटलं असेल, खेळच असा आहे. सहावी जोडी जरा जास्तच चावरी निघाली, एवढं तिला आठवत होतं. ते यंत्र नव्हतंच. म्हातारी एकट्याच्या खेळात येत नव्हती. कुणीतरी मधे घुसावं, त्याला पाडावं आणि मग आठ पुरे करावेत, तेव्हा ती येत होती. आणि बाईनं चार महिने पलीकडं पुठ्ठा टांगला होता.

ती गेली आणि पुठ्ठा ओढून काढला. दोबाशी शेजारच्या पेटीवर सिगारेट ओढत बसला होता.

“उठ. तिकडं बस.”

“आँ? आज इटाळ न्हाई व्हय आमचा?”

तिनं वही त्याच्या मांडीवर टाकली. त्यानं वाचलं, मग तिच्याकडं बघितलं. “तुमी व्हता?” तो म्हणाला. “तुमी तर कायम हरता. मी वरीसभर शेजारच्या किशिवादाकडचा कुणी गडी समजून हुडकतोय.”

“बस म्हणतीया न्हवं. आनि हर.”

“हरायला नाणं घालू? मावशी, मी माझ्या आईबरोबर बी हरत न्हाई.”

“मग लढ मुकाट्यानं.”

बाईनं नाणं टाकलं. दुसऱ्याच जोडीला अक्षरं चमकली. दोबाशीनं वर्षभराचं सगळं हातात आणलं होतं. त्यानं राइमेईला कोपऱ्यात गाठून अशी कणीक तिंबली की बाईला बटण दाबायला फुरसत मिळाली नाही. खेळ खलास.

“फिटलं,” पलीकडून आवाज आला.

बारा-पंचवीस. तिनं दुसरं नाणं टाकलं. परत अक्षरं, परत सिमेंटचे जोडे. ह्या वेळी एकेक फेरी झाली आणि तिसऱ्या फेरीत ओतात्सुनं काठी वरून उगारली आणि खालून घातली. दोबाशीचा गडी पाय वर करून पडला.

“हरलास का हरून घेतलंस?”

 पेटीवर लाथ बसल्याचा आवाज आला, त्यावरून ती काय ते समजली.

तिसरी, चौथी, पाचवी. दोबाशी येऊन तिच्या मागं उभा राहिला. सहाव्या जोडीनं तिचा घाम काढला. गोळा तसाच पडून. राजा आला तेव्हा घड्याळात बारा-पन्नास झाले होते आणि भोंगा बारा-पंचावन्नला. वसंत ऋतूपासून मुकादमानं तिला दोनदा उशिरा धरलं होतं. तिसऱ्या वेळेला रंगखाना, म्हणजे दिवसभर ओल्यात उभं राहणं. राजाची पहिली फेरी तिनं जिंकली. दुसरी हरली. बारा-एक्कावन्न.

ती उठली. “बस,” ती दोबाशीला म्हणाली.

“मी? तुमच्या जाग्यावर?”

“राजा उडी मारून येतो तवा मागं सरू नगंस. खालनं मार. म्हातारी आली तर नीट बघ, आनि बघितलंस त्ये लिव.”

फाटक नेमकं पडलेलं होतं. मालगाडी संपेस्तोवर ती तिथं उभी राहून राजाला शिव्या घालत होती. भोंगा सुरू असतानाच तिनं धावत गिरणीचं दार गाठलं. दुपारभर टॉवेल बोटांखालून जात राहिले. दोन निसटलेले धागे तिनं पकडले. तिसरा तिच्याकडून गेला आणि शेजारच्या बाईनं बोलून दाखवला.

पाचला सुटून ती मारुफुकुत आली तेव्हा कोपऱ्यात फरशीवर दोन चौकोनी पांढरे डाग होते. शनिवारचा ट्रक शुक्रवारीच आला होता.

“तीनलाच आले ओ,” कानेशिगे म्हणाला. “मी काय करनार?”

“आली का म्हातारी?”

“मी ट्रकवाल्याबरोबर फोनवर व्हतो. वहीत बघा.”

वहीत तिरकी अक्षरं होती: ‘राजा पाडला. म्हातारी आली, झाडू घेऊन आली. मला झोडपलं, चहाभात बघायला मिळाला नाही. हातानाकाबाई खरं बोलत होती. दोबाशी.’

त्याच्या खाली, शाई अजून ओली वाटावी अशा दोन वेगळ्या हातांच्या ओळी. ‘आता दोघं मिळून थापा मारायला लागले.’ ‘पेटी गेल्यावरच बरी दिसली म्हातारी.’

 बाईनं पेन मागितलं, आपला जुना नियम शोधून काढला, त्याच्यावर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: ‘कुणीतरी मधे घुसावं लागतं. त्याला पाडावं लागतं. मगच ती येते.’

“आता कशाला ओ?” कानेशिगे म्हणाला. “पेटीच न्हाई, तपासनार कोन?”

“खोट दिसल्यावर माल तसाच फुडं ढकलत न्हाई मी.” तिनं वही मिटली. “माझा भाताचा गोळा राहिला व्हता पेटीवर.”

“त्यो दोबाशीनं खाल्ला.”

“मेला,” मिनेकोबाई म्हणाली आणि फाटकाकडं चालू लागली.