कातडी कमावणाऱ्या बाईचं नाव

शारजातल्या एका शाळेत मी सोशल स्टडीज शिकवते. अभ्यासक्रम कॅनडाचा, मुलं मात्र कराचीची, कैरोची, केरळची, पुण्याचीही. सातवीला फरच्या व्यापाराचा धडा आहे. युरोपातल्या टोप्यांसाठी बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी लागायची. तिथल्या मूळ लोकांना ब्लँकेटं, बंदुका, भांडी देऊन गोरे व्यापारी ती घ्यायचे. पुस्तकात नकाशा आहे, नद्या आहेत, होड्या आहेत. बाई एकही नाही.

गेल्या वर्षी चित्रकलेला नवी टीचर आली. कॅनडाच्या उत्तरेकडची, क्री नावाच्या तिथल्या मूळ लोकांपैकी. शारजाच्या अल नहदा भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायची, म्हणून येता-जाता ओळख वाढली. धडा सुरू झाला तसं मी तिला वर्गात बोलशील का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली. लोक आमच्याकडे म्युझियममधल्या वस्तूंसारखं बघतात, म्हणाली. मी विषय सोडला. पुढच्या आठवड्यात ती आपणहून आली.

तिने हरणाच्या कातड्याचे जुने जोडे आणले होते. ते हातोहात फिरले. धुरावर कमावलेलं कातडं. इतक्या वर्षांनीही त्याला चुलीसारखा वास येत होता. मग तिने तिच्या घराण्यातल्या, पाच-सहा पिढ्यांपूर्वीच्या एका बाईची गोष्ट सांगितली. ती बाई कातडी खरवडायची, बर्फावर चालायच्या जाळीदार जोड्यांना वाद्या विणायची, व्यापाऱ्यांचं आणि आपल्या लोकांचं बोलणं एकमेकांना समजावून द्यायची. एका व्यापाऱ्याशी तिचं तिथल्या रीतीने लग्न झालं, मुलं झाली. त्याची नोकरी संपली तेव्हा तो जहाजाने मायदेशी निघून गेला. ती मुलांना घेऊन माहेरच्या माणसांत परतली.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचे वडील अबूधाबीची नोकरी सोडून, तिला नि तिच्या आईला इथेच ठेवून कधीच निघून गेलेत, हे मला ठाऊक होतं.

“मिस, व्हाय डिडन्ट ही गेट देम अ व्हिसा?”

कोणी हसलं नाही. आमच्या मुलांना व्हिसा म्हणजे काय ते नीट कळतं.

“त्याला न्यायचंच नव्हतं,” टीचर इंग्रजीतच म्हणाली. “तिकडे जाऊन त्याने दुसरं लग्न केलं.”

मुलीने जोडे जवळ ओढले. मग तिने त्या बाईचं नाव विचारलं.

टीचरला नाव माहीत नव्हतं. व्यापाऱ्याचं नाव त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ होतं, ते आडनाव अजूनही ते लावतात. बाईला मात्र सगळे नुसतं ‘त्याची बायको’ म्हणत आले होते. हे सांगून ती जोडे पिशवीत भरायला लागली. तेवढ्यात बेल झाली.

त्या संध्याकाळी तिने गावी तिच्या म्हाताऱ्या मावशीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “मावशीला नाव माहीत होतं. इतकी वर्षं का सांगितलं नाहीस म्हटलं, तर म्हणाली, कोणी विचारलंच नाही.”

ती पुन्हा वर्गात आली आणि तिने ते नाव मुलांना सांगितलं. त्यातला एक स्वर लांब ओढायचा असतो, तो कोणालाच जमेना. तिने सगळ्यांकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. सगळ्यात आधी त्या मुलीला जमलं. मी ते इथे लिहीत नाही; ते त्यांच्या घरचं आहे.

हिवाळ्याच्या सुट्टीत इथेच राहायचा तिचा बेत होता, तो मोडून ती मावशीकडे गेली. परत आल्यावर पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागली होती. मावशीने तिला आणखी कितीतरी बायकांची नावं सांगितली होती, कोण कुठल्या नदीकाठची होती तेसुद्धा. मार्चमध्ये मावशी वारली. शाळेने रजा दिली, पण टीचर गावी गेली नाही. पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल, म्हणाली. त्या दिवशी मी तिच्यासाठी वरणभात घेऊन गेले. आम्ही दोघी जेवलो, आणि ती एकेक नाव मला सांगत राहिली.