एकशे वीस मेंढरं आणि एक कासव

सुरुवातीलाच सांगून टाकतो: आज मी गावापासून इतक्या लांब, मदुराईच्या गलाईच्या दुकानात सोनं वितळवत बसलोय, ते फक्त आमच्या पारूआत्तीमुळे. आत्ती म्हणजे आमच्या शेजारच्या रानाची मालकीण. गळा असा, की ती घरात कुजबुजली तरी कवठे महांकाळच्या स्टँडवरचे लोक मागं वळून बघतात. ती नसती तर मी आज वडिलांची, म्हणजे आबांची, मेंढरं राखत असतो. (तेही आबांनी राखायला दिली असती तर! कासवानंतर त्यांचा माझ्यावर तेवढाही विश्वास उरलेला नाही.)

तर, कासव.

तेव्हा मी कोइमतूरच्या दुकानात कामाला होतो. शेठ विट्याचे. मुलीच्या शाळेसाठी वैनी आणि ती विट्याला राहायला गेल्या, आणि मुलीचं कासव मागं राहिलं. त्याचं नाव गुड्डू. परदेशी जातीचं, जमिनीवर राहणारं, दुकानाची रीतसर पावती असलेलं. माझ्या शाळेच्या दाखल्यापेक्षा त्याचे कागद चांगले! मी रजेवर निघालो तेव्हा शेठनी त्याची पेटी माझ्या हातात दिली.

"बिरू, दिवाळीनंतर मदुराईत नवं दुकान टाकतोय. तुला तिथं बसवावं म्हणतो. पण आधी ह्याला विट्याला नीट पोचव. एक जीव सांभाळता आला, तर दुकान सांभाळता येईल."

परीक्षांना भिऊन मी आठवीत शाळा सोडली. आता परीक्षा स्वतःच पेटीत बसून माझ्या मांडीवर आली. वीस तासांच्या प्रवासात मी त्या पेटीला दर दहा मिनिटांनी कान लावत होतो. शेजारचा प्रवासी शेवटी जागा बदलून गेला.

विट्याला उतरतोय तोच वैनींचा फोन. "बिरू, आम्ही माहेरी लग्नाला आलोय रे. दोन दिवस गुड्डूला तुझ्याच घरी ठेव. आणि पाण्यात सोडू नकोस हां, बुडेल तो!"

घरी आईनं कासव बघितलं आणि आधी हळदकुंकू वाहिलं. आबांनी मात्र ते बाजारात मेंढरू बघतात तसं बघितलं. उचलून वजनाचा अंदाज घेतला, उलटं केलं, पोट चाचपलं. दात बघायला त्याचं तोंड उघडणार, तेवढ्यात मी मध्ये पडलो.

"काय खातंय हे?"

"काकडी. चिरून. साल काढून."

"आन् अंगाई कोन म्हनतंय?"

मी काकडी सोलायला घेतली.

"डांबून घातल्यालं जनावर अंग धरत न्हाई," आबांनी निकाल दिला. "उद्या मेंढरांसंगं चारायला न्हिऊ."

"आबा, आवं ते कासव हाय!"

"मग? त्याला भूक न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी आमची मिरवणूक निघाली. पुढं एकशे वीस मेंढरं, मागं आबा, आणि सगळ्यात शेवटी मी, काखेत कासव घेऊन. माळावर पोचल्यावर आबांनी कामाची वाटणी केली. "एकशे वीस मी बघतो. त्येवढं एक तू बघ."

गुड्डूनं अर्धा तास गवत खाल्लं आणि तो ढिम्म उभा राहिला. मीही ढिम्म उभा राहिलो. इतक्यात शेठचा फोन आला. माळावर आवाज तुटतो, म्हणून मी पळत टेकाडावर चढलो.

"गुड्डू कुठाय?"

"डोळ्यांसमोर हाय शेठ!" (डोळ्यांसमोर त्या वेळी पवनचक्की होती.)

खाली आलो तर गुड्डू बाभळीखाली, मान आत ओढून गाढ झोपलेला. जिवात जीव आला. दुरूनच फोटो काढून वैनींना पाठवला. खाली लिहिलं, "झोपलाय." वैनींनी उलट तीन बदाम पाठवले. मग मला जबाबदारीचा असा काही झटका आला की विचारू नका! ऊन लागेल म्हणून टॉवेल दोन्ही हातांनी ताणून त्याच्यावर धरला. एक कुत्रं हुंगायला आलं, त्याला हाकललं. दोन तास असा उभा होतो. हात भरून आले, पण गुड्डूची झोप मोडू दिली नाही.

आबा आले. "काय करतुयास?"

"हळू बोला. झोपलाय."

आबांनी काठीचं टोक गुड्डूच्या पाठीवर आपटलं. खण्णकन आवाज आला.

"बिरू, ह्यो दगूड हाय."

मी खाली वाकलो. दगडच होता.

"आबा! गुड्डू पळाला!"

"व्हय तर! चौखूर उधळला आसंल. धुरळा दिसला न्हाई का तुला?"

मदुराईचं दुकान डोळ्यांदेखत शटर ओढून घ्यायला लागलं. आम्ही झुडपं पालथी घातली, बांधांच्या ताली तपासल्या. मेंढरांना बोलावताना जिभेनं देतात ती हाळी आबांनी दिली. एकशे वीस मेंढरं धावत आली. ज्याला बोलावलं तेवढा सोडून सगळे हजर!

आणि तेव्हाच खालच्या रानातून तो गळा ऐकू आला.

"कुनाचं जनावर शिरलंय रं माझ्या मेथीत? अख्खा वाफा साफ केला!"

पारूआत्ती बांधावर आली. कोंबड्या झाकायचं डालगं कमरेवर, आणि डालग्यात गुड्डू! हनुवटी हिरवीगार. मला इतका आनंद झाला की तोंडातून शब्द फुटेना. तो आबांच्या तोंडातून फुटला.

इथं एक सांगायला हवं. चाळीस वर्षं आमची मेंढरं आत्तीच्या रानात तोंड घालतात, आणि चाळीस वर्षं आबा तिला एकच उत्तर देतात. ते आता त्यांना शिंकेसारखं येतं, आवरत नाही.

"आमचं न्हवं!"

"आबा!" मी ओरडलो.

"तू गप! बिरोबाची आन, आमचं एकबी जनावर तुज्या रानात आल्यालं न्हाई. मोजून घे, एकशे ईस भरत्यात!"

आत्तीनं आबांकडं बघितलं, मग डालग्यात बघितलं. "म्हंजी बेवारशी हाय तर. चला, तळ्यात सोडती. पाप नको माझ्या डोस्क्यावर." आणि ती तरातरा निघाली.

"आबा, आवं आपलंच कासव हाय ते!"

"ठावं हाय रं. पर आता आन घातलीया न्हवं!" आबांच्या चेहऱ्यावर, काय सांगू, समाधान होतं. चाळीस वर्षांत इतकं निर्विवाद ते कधी जिंकले नव्हते.

मी पळत सुटलो. तळ्याच्या काठावर आत्तीला गाठलं, तर ती गुड्डूला दोन्ही हातांनी पाण्यावर धरून उभी. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. वैनींचा व्हिडिओ कॉल! घाईघाईनं कापायला गेलो आणि तो उचलला गेला.

"बिरूदादा, गुड्डू दाखव!" शेठची मुलगी.

मी तोंड उघडलं. त्यातून फक्त हुंदका आला. सव्वीस वर्षांचा घोडा, तळ्याकाठी फोन धरून रडतोय! आत्तीनं माझ्याकडं बघितलं, फोनमधल्या पोरीकडं बघितलं, गुड्डूला काखेत मारलं आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"ह्यो बघ बाळा तुझा गुड्डू! मेथी खाऊन ढेकर दितोय."

मागून वैनी डोकावल्या. "मावशी, बिरू नीट बघतोय ना त्याला?"

"आवं, लय गुनाचं पोरगं! दोन तास उन्हात उभं ऱ्हाऊन टावेलानं सावली धरली बगा. म्या सोत्ता बांधावरनं बघितलं. असा जीव लावनारा मानूस घावायचा न्हाई!"

(यातला शब्द न् शब्द खरा होता. सावली कशावर धरली, एवढंच तिनं सांगितलं नाही.)

फोन ठेवून तिनं गुड्डू माझ्या हातात दिला. "दगडाला सावली धरतंय का कुनी, येड्या? मला वाटलं नवस बोललायस."

वैनींनी ते सगळं शेठना सांगितलं. शेठनी दिवाळीनंतर मला मदुराईला बसवलं, आणि आजही नव्या कामगारांना माझं उदाहरण देतात. अशा वेळी मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

आत्ती, तुझे हे उपकार मी एक दिवस फेडणार. पुढच्या रजेला येतो, तुझा वाफा खणतो, मेथी पेरतो, रोज पाणीही पाजतो. राखायला मात्र दुसरा माणूस बघ.