पाऱ्याचं सोवळं

अर्लीन स्टॅलिंग्जच्या दातांत चांदी होती आणि तोंडाला कुलूप नव्हतं. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत होडी हाकणाऱ्या प्रत्येकाला या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. तिची होडी पंख्याची, मागे विमानासारखा पंखा लावून पळणारी. तो पंखा असा कोकलायचा की मगरीसुद्धा काठावरून उठून पाण्यात जायच्या, पण अर्लीन त्या पंख्याच्याही वरताण. कानांवर टोप असले तरी समोरच्याला तिची अर्धी गोष्ट ऐकू यायचीच. उरलेली अर्धी ऐकू आली नसेल म्हणून इंजिन बंद झालं की ती सगळी पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

काम म्हणाल तर पाणी भरायचं. हसू नका, त्या पाण्याचा थाट मोठा असतो. करवती गवतात होडी नेऊन उभी करायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरवरचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि त्यात पारा किती ते मोजायला प्रयोगशाळेत धाडायचं. हा पारा एवढासा, की मालगाडीभर तांदळात एक खडा शोधणं त्याहून सोपं. म्हणून भरणाऱ्यांचं सोवळं कडक. होडीत माणसं दोन. एक फक्त बाटलीला शिवणार, दुसऱ्या कशालाही नाही; त्याला तिकडे ‘स्वच्छ हात’ म्हणतात. बाकी सगळं, म्हणजे होडी, पंप, खोक्याची झाकणं, बाटलीवरच्या दोन पिशव्यांतली बाहेरची, हे दुसऱ्याने करायचं. ते ‘मळके हात’. स्वच्छ हातांनी नाक खाजवायचं नाही, केस सारखे करायचे नाहीत, आणि बाटली उघडी असताना चकार शब्द काढायचा नाही.

स्वच्छ हात होते ओंदिना केसादाचे आणि मळके हात अर्लीनचे. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. ओंदिना वयाने मोठी, क्यूबाहून आलेल्या घरातली, अंगाने काडी आणि बोलायला त्याहून बारीक. अर्लीन कामावर आली त्या दिवशीच ती कशाला तरी खदखदून हसली आणि ओंदिनाने तिच्या तोंडात वाकून पाहिलं.

“चांदी भरलीय का गं दाढांत?”

“चारही बाजूंनी! लहानपणी उसाचा पाक ओतून पाव खायचो ना आम्ही, त्याचा प्रसाद.”

“ती चांदी नव्हे बये, निम्मा पारा आहे. बाटलीवर तुझा श्वास गेला की पाणी बाद. तू मळके हात.”

झालं! तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बाहेर अंगणात मांस भाजायला घरची मंडळी जमली की चुलतभाऊ मुद्दाम म्हणायचे, “अर्लीन, कोशिंबिरीला हात लावू नकोस हं, तू सरकारमान्य मळकी आहेस.” अर्लीन सगळ्यांच्या वर आवाज काढून हसायची. पण एकदा तरी ती बाटली आपल्या हातात यावी, एवढं एकच तिच्या मनात होतं. त्या बाटलीपायीच तर हा सगळा खटाटोप, आणि तिने इतक्या वर्षांत तिला बोटही लावलं नव्हतं. याचं तिला वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं.

त्यात घरी तिचे डॅडी. होयट स्टॅलिंग्ज म्हणजे जुना दलदलीतला माणूस. कालव्याच्या काठावर ‘इथले बास मासे खाऊ नका, पारा आहे’ असा फलक लावलेला. हे त्या फलकालाच टोपी अडकवून गळ टाकून बसायचे. मक्याच्या पिठात घोळवून तळलेला बास आठवड्यातून कितीदा व्हायचा ते विचारू नका.

“डॅडी, अहो, मी रोज तोच पारा भरून आणते. कशाला खाता?”

“तुमची एक प्रयोगशाळा म्हणते इतका पारा, दुसरी म्हणते दुप्पट. आधी तुमचं तुमच्यात ठरवा, मग माझ्या कढईकडे बघा.”

म्हाताऱ्याचं अगदीच चूक नव्हतं. आकडे जुळत नव्हते खरे. म्हणूनच त्या वर्षी सगळ्या प्रयोगशाळांची परीक्षा घ्यायची ठरली. एकाच जागचं, एकाच दिवशी भरलेलं पाणी सगळ्यांना पाठवायचं आणि कोण काय आकडा सांगतो ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. आता यात भरणाऱ्याच्या हातून एखादी बाटली बिघडली तर काय? नसता दोष प्रयोगशाळेच्या माथी, आणि सगळी परीक्षा पाण्यात.

आणि नेमकं त्याच वर्षी ओंदिनाचे हात थरथरायला लागले. तिने ते खिशात लपवून पाहिले, पण कॉफीचा कप थोडाच खिशात लपतो? एक दिवस बशीत कॉफी सांडली, तिने ती टिपली आणि म्हणाली, “परीक्षेचं पाणी तू भर. तू स्वच्छ हात. मान वळवून श्वास घे आणि तोंड बंद ठेव, म्हणजे झालं.”

अर्लीनला गगन ठेंगणं झालं. पण चांदी? मान वळवून श्वास घे म्हणे! इतक्या वर्षांनी संधी आलीय, ती काय अशी अर्धीमुर्धी घ्यायची? तिने कोणाला न सांगता दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली. नेमकी आदल्या दिवसाचीच मिळाली. चांदी सगळी कोरून काढवली आणि पांढरंशुभ्र भरून घेतलं. ओंदिनाला नंतर जबडा उघडून दाखवायचा आणि तिचं तोंड बघायचं, असा बेत होता.

दुसऱ्या दिवशी होडी निघाली तर काय, अर्लीन गप्प! जबडा असा ठणकत होता की तिला हूंच्या पुढे बोलायची चोरी. ओंदिना सारखी वळून वळून बघत होती.

“बरं वाटत नाहीये का?”

“हूं.”

“घाबरलीस?”

“हूं.”

इंजिन बंद झालं. गवतात बगळे उभे होते, गाळ सावकाश खाली बसत होता. धक्क्यावर गाडी बाटल्यांची वाट बघत थांबलेली. आज पाणी गेलं नाही तर परीक्षा थेट पुढच्या वर्षावर. ओंदिनाने बाहेरची पिशवी उघडून धरली. अर्लीनने हातमोजे चढवले, आतली पिशवी सोडली आणि बाटली हातात घेतली. अशी हलकी, की हातात काही आहे असं वाटेना! तिचे डोळे भरून आले. बाईला रडायला काहीही पुरतं.

तिचा धीर वाढावा म्हणून ओंदिना बिचारी आपणहून बोलायला लागली. तिला कुठलं बोलता येतंय! पण बोलली.

“घाबरू नकोस गं. तुझ्याआधी एक जण होता, तो तर आदल्या दिवशी दाढ कोरून आला होता. चांदी कोरली की तिच्यातल्या पाऱ्याची वाफ तोंडात भरून राहते, साध्या चांदीपेक्षा कितीतरी वाईट. त्या दिवशीचं सगळं पाणी ओतून द्यावं लागलं. तुझं तसं तर काही नाही ना?”

अर्लीनने बाटलीवरून तोंड बाजूला वळवलं.

बाटली हातात होती, झाकण अजून लागलेलं होतं. गप्प राहिली असती तर कोणाला कळणार होतं? कदाचित काही झालंही नसतं. वारा चांगला होता, मान वळवता आली असती. इतकी वर्षं थांबलेली बाई ती, हे सगळं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. मग तिला डॅडींची कढई दिसली. आपल्या श्वासाने आकडे पुन्हा इकडे-तिकडे झाले, की म्हातारा आणखी वर्षभर फलकाला टोपी अडकवून बसणार.

तिने बाटली पिशवीत परत ठेवली आणि आ वासला.

ओंदिनाने वाकून पाहिलं; चांदी गेलेली. “कधी?”

“काल.”

“काल? अगं वेडे! अगं माझे आई! इतकी वर्षं चांदी तोंडात ठेवलीस आणि नेमकी काल काढलीस?”

“तुला दाखवायची होती,” अर्लीन म्हणाली आणि मग तिला खरंच रडू फुटलं. “म्हटलं, एकदा तरी नीट स्वच्छ व्हावं.”

ओंदिनाने कपाळाला हात लावायला हात उचलला, पण सोवळं आठवून तो हवेतच थांबवला. तो हात थरथरत होता. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

“मी भरते,” ओंदिना म्हणाली. “नवे हातमोजे काढ. तू पंप चालू कर आणि माझ्या मागे उभी राहून माझे कोपर धर, घट्ट धर. वारा माझ्याकडून तुझ्याकडे येतोय, तोंड मागे फिरव. आणि अर्लीन, अवाक्षर काढू नकोस.”

मग काय, ती दलदल कधी झाली नव्हती इतकी शांत झाली. पंप घुरघुरत होता तेवढाच काय तो आवाज. अर्लीन मागे तोंड करून बगळे बघत होती. दोन्ही मुठींत ओंदिनाचे कोपर. हाडं तर अशी, की जोरात धरायची भीती वाटावी. हात थरथरले की ती थोडं घट्ट धरायची, थांबले की सैल सोडायची. एकेक बाटली भरत गेली, झाकणं लागत गेली. शेवटचं झाकण लागलं तेव्हा दोघींच्या पाठीला रग लागली होती. तरी अर्लीन बोलेना.

“बोल आता,” ओंदिना म्हणाली.

अर्लीनने नुसती मान हलवली.

“अगं बोल ना काहीतरी!” ओंदिनाचा आवाज चिरकला. “असं गप्प बसून मारशील मला.” तिने थर्मासमधली कडक गोड कॉफी ओतली, निम्मी बाहेर सांडली. “एक सांगते, ते ऐकून शिव्या घाल. तुझ्या दातांमुळे नव्हतं ते. मान वळवून श्वास घेतला असतास तर तू पहिल्या वर्षीच चालली असतीस. पण स्वच्छ हातांना तोंड बंद ठेवावं लागतं.”

“म्हणजे मी फार बोलते म्हणून?”

“फार बोलतेस म्हणूनच!” ओंदिना म्हणाली. “तू आलीस त्या महिन्यात माझा नवरा गेला होता, एवेलियो. घरी भिंती, इथे गवत. कोणी ‘कशी आहेस’ म्हणायला नाही. आणि तू पहिल्याच दिवशी तुझ्या आत्याच्या डुकराची गोष्ट सांगायला लागलीस. बाटली तुझ्या हातात दिली असती तर होडीत बोललं असतं कोण? मी?” ती नाक पुसत म्हणाली, “मी तुला मळकी ठेवली गं. माझ्यासाठी ठेवली.”

अर्लीनला राग यायला हवा होता. आलाही, थोडासा, इतक्या वर्षांची चुलतभावांची थट्टा काय फुकट ऐकली होती? पण ओंदिनाच्या कॉफीचा कप असा हिंदकळत होता की तिने आधी तो धरला.

“आत्याची ती डुकरीण होती,” ती जबडा सांभाळत म्हणाली. “इतक्या वर्षांत एवढंही लक्षात नाही राहिलं तुझ्या?”

निकाल यायला वेळ लागला, पण आला तो झकास. एक प्रयोगशाळा सोडली तर बाकी सगळ्यांचे आकडे एकमेकांना खेटून बसले होते. म्हणजे पाणी निर्मळ भरलं होतं, आणि ती एक कोणती चुकते तेही कळलं. अर्लीनने कढईसमोर उभं राहून डॅडींना सगळं वाचून दाखवलं. होयटने बराच वेळ माशाकडे पाहिलं. “ठरलं म्हणायचं तुमचं,” तो कुरकुरला आणि कढई चुलीवरून उतरवली. दुसऱ्या दिवशी त्याने फलकावरची टोपीही काढून आणली.

अर्लीनचा जबडा शांत झाला, तोंडातली वाफ ओसरली, आणि पुढच्या पाण्याला ओंदिनाने तिच्यासमोर बाहेरची पिशवी उघडून धरली. आता होडीत मळके हात ओंदिनाचे. अर्लीनने बाटली घेतली, ओठ आवळले आणि नळी धरली. पंप सुरू झाला.

मग ओंदिनाने घसा खाकरला.

“एवेलियोने एकदा अख्खं डुक्कर भाजायला घेतलं,” ती म्हणाली, “आणि कुंपण जळलं. म्हणजे आधी शेजारी आला. नाही, शेजारी नंतर. आधी पेट्रोल.”

छे छे छे! शेवट आधी सांगून टाकला की बाईने! अर्लीनच्या घशाशी शब्द आले. कोणी पेट्रोल आणलं, शेजारी काय म्हणाला, डुकराचं काय झालं? तिने दात आवळले, नवे पांढरे दात. बाटली गळ्यापर्यंत भरू दिली. ओंदिना अडखळत, मागे-पुढे करत सांगत राहिली आणि अर्लीन ऐकत राहिली.

झाकण घट्ट लावून बाटली पिशवीत गेली, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

“पहिल्यापासून सांग,” ती म्हणाली.