गज्याचा गॅज झाला ते प्राग

प्रागला जायचं ठरलं ते प्राग पाहायची हौस होती म्हणून नाही, आसेगावच्या काकूंचा निरोप होता म्हणून. त्यांचा मुलगा गजानन, म्हणजे कारंज्याच्या कॉलेजातला आमचा गज्या, तिकडे कॉम्प्युटरची नोकरी करतो. त्याच्या धाकट्या बहिणीचं, वंदीचं, लग्न मे महिन्यात. वडील नाहीत, भाऊ हा एकच, आणि लग्नात कानपिळीला नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. फोनवर मात्र हा पठ्ठ्या 'बघू'च्या पुढे सरकेना. सलीमला आणि मला तसंही एकदा युरोप बघायचा होताच. सलीमचं गाद्यांचं दुकान, माझं मोटार-पाइपांचं. मार्चमध्ये दोघांनाही थोडी उसंत असते. काकू म्हणाल्या, "तोंडावर विचारजा त्याले. येते का नाही, तेवढं सांगजा मले."

कारंज्याहून समृद्धीने मुंबई, तिथून आखातात विमान बदलून प्राग. रस्ता झकास, पण जेवणाचा डबा घरूनच न्या. प्रागमध्ये ट्रामचं कागदी तिकीट घेतलंत तर आत चढल्यावर पिवळ्या यंत्रात त्याच्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड बसतो. जुन्या चौकातल्या प्रसिद्ध घड्याळाखाली आम्हीही माना वर करून उभे राहिलो. तास वाजला, बाहुल्या खिडकीतून डोकावल्या आणि गेल्या. झालं, एवढंच. याच्यापेक्षा जत्रेतला पाळणावाला तरी जास्त करमणूक करतो. सलीम हलाल सोडून खात नाही, त्यामुळे त्याचं रोज तळलेलं चीज आणि उकडलेले बटाटे. शेवटी शेवटी त्याला चीजचं नाव काढलं तरी ठसका लागायचा.

गज्या भेटला तो पहिल्याच क्षणी "काय मग, प्रवास कसा झाला?" म्हणाला. मी सलीमकडे पाहिलं, सलीमने माझ्याकडे. तिकडे त्याला सगळे गॅज म्हणतात. आसेगावचा गजानन आणि गॅज! लग्नाचा विषय काढला की हा आम्हाला कुठलंतरी चर्च दाखवायचा.

शनिवारी दुपारी तो आम्हाला त्याच्या 'अड्ड्यावर' घेऊन गेला. बोर्ड गेम बार. तळघरात जिना उतरायचा, बसण्याचे माणशी पैसे वेगळे, पिण्याचे वेगळे. भिंतभर खोकी, आपल्याकडे चपलांच्या दुकानात असतात तशी. बिअर चांगली, हे मान्य. सलीमने लिंबाचं सरबत घेतलं. शेजारच्या टेबलावर छातीपर्यंत दाढ्या वाढवलेले बाप्ये लाकडी मेंढ्या देऊन त्याच्या बदल्यात लाकडी विटा घेत होते, आणि चेहरे असे की जणू खरोखरची जमीन चाललीय. एकेका खेळाचे नियम सांगायला इतका वेळ की तेवढ्यात आमच्याकडे रमीचा डाव होऊन, भांडण होऊन, ते मिटलंसुद्धा असतं. पैसे मोजून रिकामटेकडेपणा करायचा, त्याला तिकडे छंद म्हणतात.

आमच्या टेबलावर गज्याचे दोन-तीन मित्र होते आणि मैत्रीण यित्का. तिने खोटं बोलायचा खेळ काढला. पत्ता पालथा धरायचा, त्यावर काय आहे ते सांगायचं. खोटं वाटलं तर दुसऱ्याने टेबलावर हात मारायचा. खेळ इंग्रजीत. सलीमला ते फारसं कळत नाही, म्हणून गज्या त्याला आपलं बोलणं मराठीत सांगायचा, आणि सलीम दर वेळी त्याला बरोबर पकडायचा. यित्काने विचारलं, कसं ओळखतोस? सलीम नुसता हसला. ती आमची कॉलेजपासूनची माहिती आहे. गज्या खरं बोलतो ते वऱ्हाडीत, आणि खोटं बोलायचं झालं की शुद्ध पुस्तकी मराठीत शिरतो. "सर, मला ताप होता" म्हणाला की अख्ख्या वर्गाला कळायचं, स्वारी सिनेमाला गेली होती.

यित्का कौतुकाने म्हणाली की गॅज आमचा हुकमी खेळाडू. मे महिन्यात आमची टीम जर्मनीला स्पर्धेला चाललीय. तारखा विचारल्या. वंदीच्या लग्नाचाच आठवडा. माझं डोकंच फिरलं. मी तिथल्या तिथे विचारलं, लग्नाचं काय?

"मी पूर्ण प्रयत्न करणार आहे," गज्या म्हणाला. "मला सुट्टी मिळायला हवी."

सलीमने टेबलावर हात मारला. "खोटं बोलून राह्यला."

टेबलावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, डाव जिंकला. गज्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "येऊन काय करू रे? सारे विचारतीन, लग्न कवा करतं, वापस कवा येतं. इथं मले कोणी काहीच विचारत नाही."

"वंदी विचारून राह्यली," मी म्हटलं. त्याने पत्ते गोळा केले आणि पुन्हा पिसायला घेतले.

प्रागला जावं का? जा. पूल सुंदर आहे, ट्राम वेळेवर येते, बिअर चांगली. त्या तळघरात मात्र फुकट बोलावलं तरी मी जाणार नाही. बहिणीच्या मांडवापेक्षा लाकडी मेंढ्या जिथे मोठ्या वाटतात ती जागा मला कळली नाही, आणि समजून घ्यायचीही नाही.

परत आल्यावर गज्याने दिलेली चॉकलेटं घेऊन सलीम आणि मी आसेगावला गेलो. वाटेत मी वाक्यं जुळवून ठेवली होती: कामाचा ताण, व्हिसाची भानगड, साहेब कडक. काकूंनी चहा दिला. मी "काकू, त्याच्या ऑफिसात सध्या..." एवढंच म्हणालो.

"राहू दे, नोको सांगू," त्या म्हणाल्या. "काल फोन आल्ता त्याचा. प्रयत्न करतो म्हणे. जन्मभर माय म्हणत आला मले. काल आई म्हणला."

मग त्यांनी सलीमच्या कपात आणखी चहा ओतला. "कान तू पिळजो, सलीम."