नवा प्रिंटर आणि लाल पाटी

छपाईच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक झेरॉक्सला येतात आणि किस्सा मागं ठेवून जातात. देवगाव फाट्यावरचं आमचं दुकान मी आणि माझी भावजय, वंदनावहिनी, दोघी मिळून चालवतो. हे किस्से नवा प्रिंटर आणला त्या आठवड्यातले.

सोबतच्या सीडीतून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला, पहिली प्रिंट दिली आणि स्क्रीनवर लाल पाटी आली: धोका आढळला. वर भोंगाही वाजला. समोर एक म्हातारबाबा आधारच्या झेरॉक्ससाठी उभे होते. त्यांनी हात लांबवून कार्ड उचललं, बंडीच्या खिशात घातलं आणि शांतपणे म्हणाले, "आता वाजू दे किती वाजायचंय ते."

*

दुपारपर्यंत फाटाभर झालं, की बायांच्या कम्प्युटरला व्हायरस लागलाय, तिथं आधार चोरीला जातं. गिऱ्हाईक समोरच्या दुकानाकडं वळलं. माझं रडायचंच बाकी होतं. अँटिव्हायरसच बंद करून टाकते म्हटलं, भोंगा तरी थांबेल. वहिनीनं माझा हात माउसवरून उचलला.

"लोकाचे कागद हायेत आपल्याकडं. कुत्रं भुकायलंय म्हणून त्याला मारायचं न्हाई. कोणावर भुकायलंय ते बघायचं."

मग बघितलं. ड्रायव्हर काढला की चिडीचूप, टाकला की बोंब. बाकी सगळा कम्प्युटर तपासला, तो साफ निघाला. भांडण त्या ड्रायव्हरच्या एका फाइलशीच होतं.

*

तरी खात्रीसाठी परभणीहून रिपेअरवाला बोलावला. त्यानं उभ्या उभ्या सांगितलं, सगळं पुसून फॉरमॅट मारावं लागतंय. वहिनी म्हणाली, एका फाइलपायी बाकीचं पुसू देणार न्हाई. तो हसला. "ताई, तुमाला न्हाई समजायचं. घरी कोणी माणूस असंल तर बोलवा."

"हाय की. भाकरी थापायलाय," वहिनी म्हणाली. "हात धुऊन येईल. बसता का?"

माझा दादा तेव्हा मागं घरात खरंच भाकरी थापत होता. रिपेअरवाला काही बसला नाही.

*

आम्ही जुना ड्रायव्हर काढून कंपनीच्या साइटवरून नवा उतरवला. पाटी तरीही आली. तेव्हा ती फाइल अँटिव्हायरसवाल्यांकडं तपासायला पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, फाइल चांगली आहे, इशारा चुकीचा होता. आता तेवढ्या एका फाइलला परवानगी द्यायची राहिली होती.

नेमकी तेव्हा कौसाबाई आली. ऊसतोडीला निघालेली, ट्रक बाहेर हॉर्न मारत होता. तिची रेणुका यंदा पहिल्यांदाच मागं राहून जिंतूरच्या होस्टेलात शिकणार होती. मोबाइलमधला तिचा फोटो कौसाबाईला सोबत न्यायचा होता, मोठा करून.

फोटो स्क्रीनवर घेतला, प्रिंट दिली, आणि रेणुकाच्या चेहऱ्यावरच लाल पाटी येऊन बसली.

"काय म्हणायलंय ते?" कौसाबाईनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. पुढं धोका हाय म्हणतंय. थांबायचं का जाऊ द्यायचं, ते विचारायलंय.

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. कौसाबाईनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"तिच्या बापानं बी हेच इचारलं व्हतं," ती म्हणाली. "जाऊ दे म्हण."