भोंगा दोनदा वाजतो

“तीन गावाईत वाजला, मंग आमच्याच गावात काऊन नाई वाजला? सांगा न मले! एक बैल सकाळी मेला माहा, दुसरा गळा सुजून पडला हाये, अन् तुमी मले विचारून राह्यल्या, लस टोचली होती का मून?”

डोंगाटोल्याच्या सुशीलाबाई दवाखान्याच्या दारात उभ्या राहून ओरडत होत्या. चामोर्शीच्या बाजाराचा दिवस. त्यांचा आवाज असा की पलीकडच्या रांगेतल्या कोंबड्या पिंजऱ्यात खाली बसल्या, आणि वांगी तोलणाऱ्याच्या हातातला तराजू आपोआप सरळ झाला. बरं, कोंबड्या आधीपासूनच बसलेल्या असतील. पण आवाज तसा होता.

तुम्ही मला ओळखत असाल तर ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकली असेल. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, एकदा तर मयतीतसुद्धा मी ती सांगितली आहे — डॉक्टरबाईंनी पुराच्या पाण्यातून जाऊन बैल कसा वाचवला ती. मात्र ती मी नेहमी पाण्यापासून सुरू करतो. पाण्याच्या आधीचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगतो आहे — आणि का सांगतो आहे ते मलाही धड माहीत नाही.

माझा फोटो स्टुडिओ बाईंच्या जनावरांच्या दवाखान्याला लागून आहे. लोकांचे पासपोर्ट फोटो काढता काढता मी दवाखान्याचं फेसबुक, इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅप सांभाळू लागलो. वर्षभराचा एक तक्ता केला आणि दवाखान्याच्या भिंतीवर डकवला. काय तक्ता होता तो! मोहफुलं पडायला लागली की “गुरांना फुलं जास्त खाऊ देऊ नका”, रोहिणीत घटसर्पाची लस, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत गोचीड, पोळ्याला “शिंगांना ऑइलपेंट लावू नका”, दिवाळीला फटाक्यांना घाबरणारी कुत्री, थंडीत बकरीची पाठरं आणि शंकरपटात धावणारे बैल. सिरोंच्याकडच्या लोकांसाठी तेलुगूतही दोन ओळी. बाई तो तक्ता लाल पेन घेऊन वाचायच्या आणि फक्त विशेषणं कापायच्या. “भयंकर नाही लिहायचं. घटसर्प झाला की जनावर एका दिवसात मरतं, एवढं लिहा. पुरे.” माझ्या आयुष्यात मला एवढं कमी शब्दांत कुणी गप्प केलं नाही.

त्या बाई कशा आहेत, सांगू? म्हशीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतील आणि तिनं माहेरी काय खाल्लं होतं तेही सांगतील. ऊर्जानगरच्या वीज वसाहतीतले साहेब आपली गुबगुबीत कुत्री गाडीत घालून एवढ्या लांब आणायचे, तर त्यांनाही रांगेत बकरीच्या मागे उभं करायच्या. पण त्यांची खरी युक्ती होती भोंग्याची. नदीकाठच्या गावांत घरोघरी कुठे फोन बघतात? म्हणून पोस्टबरोबर मी माझ्या आवाजात एक निरोप रेकॉर्ड करायचा, चार गावांच्या पंचायतीतल्या शिपायांना पाठवायचा, आणि त्यांनी तो पंचायतीच्या भोंग्यावर वाजवायचा. “ऐका हो ऐका, सोमवारी सकाळी पंचायतीसमोर बैल, गायी, म्हशी आणा...” माझा आवाज चार गावांवरून जायचा. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू — फार गर्व होता.

डोंगाटोल्याचा भोंगा नामदेवभाऊंकडे. बारीक माणूस, पंचायतीचा शिपाई, उरलेल्या वेळात तलावात जाळं टाकणारा. त्यांचा फोन नेहमी भरलेला असायचा, म्हणून मीच त्यांना शिकवलं होतं की निरोप वाजवून झाला की सगळं पुसून टाकायचं. हे लक्षात ठेवा.

आता बकरी.

लसीच्या निरोपाच्या आदल्या दिवशी एका बकरीनं बाईंच्या गळ्यातला स्टेथोस्कोप तोंडात धरला आणि सोडेना. बाई इकडे ओढतायत, बकरी तिकडे. मी ते टिपलं आणि टाकलं. सकाळपर्यंत अख्ख्या दुनियेनं पाहिलं. म्हणजे दुनियेनं नाही — पण आपल्या दोन जिल्ह्यांत ज्याच्याकडे फोन होता त्यानं पाहिलं, असं मला तरी वाटलं. मी निरोप रेकॉर्ड केला, एका गावाला पाठवला, दुसऱ्याला, तिसऱ्याला... आणि तेवढ्यात हैदराबादहून एका अनोळखी माणसानं लिहिलं की असा हसलोच नव्हतो वर्षभरात. मी त्याला उत्तर लिहायला बसलो. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. दिवस मावळला.

डोंगाटोल्याला निरोप गेलाच नाही.

हा विसर होता. माणूस विसरतो. इथवर असतं तर मी हे लिहायला बसलो असतो का?

सोमवारी दुपारी बाईंचा फोन आला. डोंगाटोल्याला पंचायतीसमोर बर्फाची पेटी घेऊन त्या दोन तास बसल्या होत्या. आली फक्त सहा-सात जनावरं. “निरोप गेला होता ना?” त्यांनी विचारलं.

फोन कानाला लावूनच मी स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून पाहिलं. नामदेवभाऊंच्या नावापुढे मोहफुलांचा निरोप शेवटचा होता.

“गेला बाई,” मी म्हणालो. “चारही गावांत गेला.”

“लोक तेंदूपत्त्याला गेले असतील मग,” बाई म्हणाल्या. “परत जाऊ.”

मी तेव्हाच निरोप पाठवू शकलो असतो. त्या क्षणी, एका बोटानं. पण पाठवला असता तर आधी पाठवला नव्हता हे दिसलं असतं. म्हणून नाही पाठवला. समजलं ना? एका गावाच्या गुरांपेक्षा माझं “गेला बाई” मला मोठं वाटलं. बाईंची लस दुसऱ्या गावांत संपली, नवी यायला वेळ लागला, ती आली तोवर मृग लागला आणि डोंगाटोल्याच्या वाटेवरचा रपटा, नाल्यावरचा बुटका पूल, पाण्याखाली गेला.

आणि मग सुशीलाबाई दारात. त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून, लांबच्या वाटेनं फिरून घेऊन आले होते नामदेवभाऊच. ते पायरीखाली उभे होते, टोपी हातात.

बाईंनी पिशवी भरता भरता माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं विचारल्यासारखं.

तेव्हा बोलता आलं असतं ना? बैल तर मेलाच होता. माझी मान थोडीच कापणार होते? मी मात्र तोंड उघडलं आणि म्हणालो, “निरोप गेला होता बाई. नामदेवभाऊंचा फोन भरलेला असतो. वाजवायच्या आधीच पुसला गेला असेल.”

सुशीलाबाई गर्रकन वळल्या. “नामदेवा! तुह्या हातून झालं हे? अरे, माहा बैल तुह्या वावरात रोवण्याले चिखल करून देत होता न!”

नामदेवभाऊंनी फोन काढला. अंगठा वर-खाली फिरवत राहिले. मी शिकवलं होतं तसं सगळं स्वच्छ पुसलेलं. त्यांनी डोकं हलवलं.

“असन बाई,” ते म्हणाले. “माह्याच हातून पुसला असन.”

इथून पुढची गोष्ट तुम्ही ऐकली आहे. रपट्यावर पाणी छातीपर्यंत होतं, असं मी सांगतो. गुडघ्याच्या जरा वर होतं. वाहत मात्र जोरात होतं. लांबच्या वाटेनं तासभर जास्त लागला असता, आणि तासभर त्या बैलाकडे नव्हता. बाईंनी लसीची पेटी डोक्यावर घेतली, साडी खोचली, आणि नामदेवभाऊंना म्हणाल्या, “पुढे चला, तुम्हाला दगड माहीत आहेत.” मी मागे. पाण्यात मगर आली होती असंही मी सांगतो. ओंडका होता.

बैलाच्या गळ्याखाली भोपळ्याएवढी सूज, श्वास घरघरत होता. बाईंनी शीर शोधून सुई लावली आणि चिखलात मांडी घालून त्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. मेलेल्यासाठी खोल खड्डा खणवून चुना टाकायला लावला. गावातल्या बाकीच्या जनावरांना लस हवी होती, पण वीज गेलेली, भोंगा मुका. नामदेवभाऊ उठले आणि गल्लीगल्लीतून ओरडत निघाले. “बैल आना हो! गाई आना! घटसर्प आला हो!” माझ्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात जे नव्हतं ते त्या घशात होतं. अर्ध्या तासात पंचायतीसमोर उभं राहायला जागा नव्हती. संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज पार बसला, नुसती हवा निघत होती, तरी शेवटच्या घरापर्यंत गेले.

दुसरा बैल वाचला. सुशीलाबाईंनी बाईंच्या पायावर डोकं ठेवलं. नामदेवभाऊंकडे पाहिलंही नाही.

ग्रामसभेत मी होतो. फोटो काढायला! बाई उभ्या राहून म्हणाल्या, “सहा-सात जनावरं आली तेव्हाच मी गावात फिरून विचारायला हवं होतं. चूक माझी.” मग नामदेवभाऊ उठले, त्यांचा घसा अजून बसलेला. म्हणाले, “बाईची नाई. माही.” दोन माणसं एका चुकीसाठी भांडत होती आणि ज्याची होती तो कॅमेऱ्यामागे एक डोळा मिटून उभा होता. तो फोटो मी टाकला. खाली लिहिलं — जबाबदारी घेणारी माणसं. बाईंनी त्यातलं काही कापलं नाही. कापायला विशेषणच नव्हतं.

गावात अजून नामदेवभाऊंना ‘ज्यानं भोंगा नाई वाजवला तो’ म्हणतात. सुशीलाबाईंनी दुसरा बैल घेतला, जोडी जमली, रोवणे होतात. त्या नामदेवभाऊंच्या वावरात आता बैल पाठवत नाहीत.

यंदा रोहिणीत मी निरोप सगळ्यांत आधी डोंगाटोल्याला पाठवला. लसीचे फोटो काढायला सकाळीच पोचलो. पंचायतीसमोर गुरं दाटली होती. भोंग्यावर माझा आवाज घुमला — “ऐका हो ऐका” — संपला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. शब्दन् शब्द तोच. लोक आपले उभे, जणू नेहमीचंच आहे.

मी आत गेलो. नामदेवभाऊ माइकपाशी फोन धरून ताठ बसले होते, दुसऱ्यांदाचं संपेपर्यंत हललेही नाहीत.

“भाऊ, दोनदा काऊन वाजवता?” मी विचारलं.

त्यांनी फोन पुसून खिशात ठेवला.

“एकदा चुकलो न मी.”