अमरसिंहच्या ट्रकचा आवाज

पालीच्या वळणावर कचरूचं गॅरेज आहे. पंचवीस वर्षं तो दुचाक्या दुरुस्त करतोय आणि येणाऱ्या प्रत्येकाचं गाऱ्हाणं एकच असतं, गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही. मग कचरू मान तिरकी करून इंजिन ऐकतो, कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवतो, पेट्रोल कमी करतो. धूर थांबतो, आवाज खणखणीत होतो. माझीही गाडी त्याच्याच हातची. माणूस सरळ, पण स्वतःच्या हाताची घमेंड भारी. चहा पिता पिता रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवणं हा त्याचा आवडता उद्योग, आणि धूर सोडणारी गाडी दिसली की त्याचं तोंड कडू होतं.

गावातल्या सुंदररावांचा एकुलता एक अमरसिंह पुण्याला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत तो रिमोटवर चालणारा हातभर लांब ट्रक घेऊन यायचा. खेळणंच ते, पण आत खरंखुरं इंजिन, अंगठ्याएवढा कार्बोरेटर, आणि बाटलीतून घालायचं वेगळंच इंधन. त्याला नायट्रो म्हणतात म्हणे. धरणाजवळच्या माळावर तो पळवला की आवाज घरापर्यंत यायचा. आवाज थांबला की त्याची आई छबुबाई तवा टाकायच्या, कारण आता पोरगं जेवायला येणार.

एकदा कचरूने त्या ट्रकच्या धुराबद्दल कुरकुर केली. अमरसिंह हसून म्हणाला, “काका, ह्याचा धूर काढायचा न्हाई. ह्याचं तेल इंधनातच मिसळलेलं हाय. धूर गेला की इंजिन कोरडं पडतं.” मी तिथंच बसलो होतो.

गेल्या दिवाळीला गावाकडे येताना अमरसिंह अपघातात गेला. ट्रक त्याच्या खोलीत कपाटावर तसाच राहिला.

वर्षश्राद्धाच्या सकाळी सुंदररावांनी कचरूला बोलावणं धाडलं. वर्षभरात छबुबाईंनी तोंडाने काही मागितलं नव्हतं. आता एकदा तो आवाज ऐकायचा म्हणत होत्या. कचरूला मीच गाडीवर घेऊन गेलो. कार्बोरेटरचे स्क्रू अमरसिंहने लावून ठेवले होते तिथंच होते. कचरूने अमरसिंहच्या उरलेल्या बाटलीतून टाकी भरली, प्लग तापवला, चाकं मोकळी राहावीत म्हणून ट्रक विटांवर ठेवला आणि दोरी ओढली. सहाव्या झटक्याला इंजिनने पकडलं. घोगरा आवाज, मागे निळसर धूर. सुंदररावांनी उपरण्याने डोळे पुसले आणि बायकोला हाक मारायला आत गेले. पिठाचे हात धुऊन येते, असं छबुबाईंचं उत्तर बाहेर ऐकू आलं.

तेवढ्यात कचरूने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. चालतंय ते चालू दे, मी म्हणालो. वहिनी येतायत, जरा आवाज साफ करून देतो, तो म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला, हे कबूल. तरी मला त्याचा राग येतो, आणि माझाही येतो, कारण पोराचं ते बोलणं मलाही आठवलं नाही.

त्याने स्क्रू पाव फेरा आत घेतला. धूर विरळ झाला. आणखी पाव फेरा. धूर गेला, आवाज चढला, अगदी स्वच्छ, देखणा आवाज. कचरूने अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. मग आत काहीतरी करकरलं आणि इंजिन बंद पडलं. त्याने दोरी ओढली, पण ती हलेना. पिस्टन कोरडा पडून जाम झाला होता.

छबुबाई दारात उभ्या होत्या. हातांवरून पाणी निथळत होतं.

“पयला आवाज त्याचाच व्हता,” त्या म्हणाल्या. “मग बदलला कशापायी?”

कचरूला मान वर करवेना. “चुकलं, वहिनी. लेकरानं सांगितलं व्हतं मला.”

पुण्याहून नवं इंजिन मागवू, असं सुंदरराव पुटपुटले. छबुबाईंनी नको म्हणून हात हलवला. त्या ओट्यावर बसल्या आणि ट्रक उचलून पदरात घेतला. इंजिन चटका बसेल इतकं तापलेलं होतं, ठेवा खाली, असं कचरू म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. ते गार होईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. एवढंसं इंजिन ते, गार व्हायला फार वेळ लागला नाही.